शाळा सुटल्यावर शिकवतो कोण?

हिवाळ्यातल्या पहाटे करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळावर उभे राहिले, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. तिथे कोणीही घड्याळाकडे पाहत नाही. काहिलीत उसाचा रस उकळत असतो, चुलवाणात चिपाडे पडत असतात, रस निवळावा म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचे बुळबुळीत पाणी मिसळलेले असते आणि वर आलेली मळी काढून टाकली जात असते. पण काहील नेमकी कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे गुळव्या. तो पाकाचे बुडबुडे बघतो, त्यांचा आवाज ऐकतो, थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो आणि मग हात वर करतो. गोळी कच्ची असताना काहील उतरली तर गूळ पाघळतो आणि ढेप धरत नाही. थोडा उशीर झाला तर गूळ काळपट पडतो, त्याला करपट वास येतो आणि सौद्यात भाव पडतो. तापमापक लावला तर हा क्षण साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. जुन्या गुळव्यांपैकी अनेकांनी हा आकडा कधी ऐकलेलाही नसतो, तरी त्यांची काहील क्वचितच बिघडते.

हा माणूस शिकलेला आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आपण ‘शिकलेला’ या शब्दाने काय समजतो यावर अवलंबून आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर. या व्याख्येत काही गुळवे बसतात, काही बसत नाहीत. मात्र ‘कुठपर्यंत शिकलास?’ असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा शिकणे हा एक रस्ता आहे आणि तो कुठेतरी संपतो, असे आपण आधीच गृहीत धरलेले असते. दहावीपर्यंत, पदवीपर्यंत, फार तर पदव्युत्तरपर्यंत. या ‘पर्यंत’ने आपले बरेच नुकसान केले आहे.

शिक्षणतज्ज्ञांनी या बाबतीत एक उपयोगी वर्गवारी केली आहे. १९७०च्या दशकात फिलिप कूम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाचे तीन प्रकार मांडले. शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ अशा पायऱ्यांनी जाणारे ते औपचारिक शिक्षण. शाळेबाहेर, पण काही हेतूने आणि आखणीने दिलेले ते अनौपचारिक शिक्षण. शेतकऱ्यांसाठीचे प्रशिक्षण वर्ग, प्रौढ साक्षरता वर्ग किंवा शिवणकामाचे वर्ग या प्रकारात येतात. तिसरे सहज शिक्षण, म्हणजे घरात, कामावर, बाजारात, वाचनातून आणि चुकांतून कोणीही न ठरवता घडत राहणारे. आजीवन शिक्षण हे या तिन्हींच्या पलीकडचे चौथे काही नसून, जन्मापासून अखेरपर्यंत या तिन्हींचा एकमेकांशी जो संबंध राहतो त्याचे ते नाव आहे. युनेस्कोने एद्गार फोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९७२च्या अहवालात ही कल्पना जगापुढे ठामपणे मांडली, आणि १९९६ साली जाक देलोर यांच्या आयोगाने जाणण्यास शिकणे, करण्यास शिकणे, सोबत राहण्यास शिकणे आणि स्वतः घडण्यास शिकणे असे तिचे चार आधारस्तंभ सांगितले.

थोडा हिशेब करून पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी किमान १,००० तास अध्यापन ठरवले आहे. म्हणजे आठवीपर्यंत मुलाच्या वाट्याला किमान ७,००० तास येतात. सत्तर वर्षे जगणारा माणूस रोज सोळा तास जागा असतो असे धरले, तर त्याच्या जागेपणाचे तास चार लाखांच्या वर जातात. सक्तीचे शालेय शिक्षण त्यांतले दोन टक्केही भरत नाही. पुढची वर्षे मिळवली तरी हे प्रमाण फारसे बदलत नाही. यावरून शाळा नगण्य आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्के वेळाचे काय होणार, हे बऱ्याच अंशी या दोन टक्क्यांवरच ठरते. त्याकडे पुढे येतो.

शाळा नेमके काय देते, हे आपल्याला ती सुटल्यावरच कळते. आपण समजतो की ती ज्ञान देते. ज्ञान तर आता खिशातल्या मोबाइलमध्येही आहे. शाळेत न मागता मिळणाऱ्या आणि बाहेर आल्यावर हरवणाऱ्या गोष्टी माझ्या मते तीन आहेत. आधी काय आणि नंतर काय हे ठरवून दिलेला क्रम, ही पहिली. आपली चूक वेळेवर आणि न कंटाळता दाखवणारा कोणीतरी, ही दुसरी. आणि तेच शिकत असलेली, आपल्याइतकीच अडखळणारी सोबत, ही तिसरी. शाळेबाहेरचे शिकणे जिथे टिकते तिथे या तिन्ही गोष्टी कोणी ना कोणी लावून दिलेल्या असतात, आणि जिथे ते चार दिवसांत विझते तिथे यांतली एखादी तरी नसते.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजण्यासाठी लांब जावे लागत नाही; तालमीत डोकावले तरी पुरे. नव्या पोराला तिथे पहिल्याच दिवशी ढाक किंवा कलाजंग यांसारखे कुस्तीचे अवघड डाव शिकवत नाहीत. त्याला आधी माती उकरायला लावतात, मग जोर-बैठका, मग पट काढणे, आणि अंगात रग व पायांत तोल आल्यावर पुढचे डाव. हा क्रम कोणत्याही पुस्तकात छापलेला नसला तरी तो मोडता येत नाही. आखाड्याच्या कडेला वस्ताद उभा असतो आणि पाय चुकीचा पडला की पडल्या क्षणी सांगतो. त्याने नाही सांगितले तर माती सांगते, कारण चुकलेला डाव पाठीला लगेच कळतो. समोर जोड असते, साधारण त्याच वजनाची आणि त्याच तयारीची. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या मैदानामागे तालमींचे जे जाळे होते, ते शिकवण्याची एक अतिशय पक्की रचना होती, हे सहसा बोलले जात नाही. वय झाल्यावर मल्ल आखाड्याच्या कडेला येतो आणि शिकवू लागतो तेव्हा त्याला आयुष्यभर अंगाने केलेल्या गोष्टी पहिल्यांदाच शब्दांत मांडाव्या लागतात. हेही शिकणेच आहे, आणि बऱ्यापैकी अवघड आहे.

आता स्मरणाकडे वळू, कारण मोठ्या माणसांची पहिली तक्रार ‘आता लक्षात राहत नाही’ हीच असते. पन्नाशी उलटल्यावर मी मोडी लिपी शिकायला घेतली. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडीतील दप्तरे आहेत, घरीही दोनचार जुने कागद होते, आणि ते आपल्याला वाचता येत नाहीत याची चुटपुट बरीच वर्षे होती. पंधरा दिवसांत मुळाक्षरे पाठ झाली, त्याचा आनंदही झाला. मग घरच्या कार्यात महिना गेला आणि परत वही उघडली तेव्हा निम्मी अक्षरे अनोळखी झाली होती. हा वयाचा दोष आहे असे मी धरून चाललो होतो, पण तो तसा नव्हता. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग तासाभरात आणि सुमारे दोन तृतीयांश भाग एका दिवसात निसटतो, असे त्यांना आढळले. त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग खूप मंदावतो. ते तेव्हा तरुण होते. विसरणे हा मेंदूचा नेहमीचा व्यवहार आहे, आणि जे परत परत लागत नाही ते टाकून देण्यात त्याचे काही चुकत नाही.

यावरचा उपाय अधिक वेळ घोकणे हा नाही. एकाच बैठकीत चार तास देण्यापेक्षा तोच वेळ आठवड्याभरात अंतर ठेवून वाटला, तर लक्षात राहिलेले जास्त टिकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न करणे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे म्हणजे येणारे असा आपला समज होतो. आठवताना मात्र काय येत नाही ते उघडे पडते. आपल्या आज्यांना स्तोत्रे, ओव्या आणि पाढे साठ-सत्तर वर्षे पाठ राहतात याचे कारण हेच असावे, कारण त्यांनी ते वाचले कमी आणि रोज जात्यावर, देवापुढे, नातवंडांपुढे म्हटले जास्त.

चूक दाखवणाऱ्याचे मोल मला मोडीनेच शिकवले. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. शिरोरेघ आधी ओढून अक्षरे तिच्याखाली सलग लिहीत जातात. एका जुन्या कागदावर मी ‘माहेर’ असे वाचले, आणि तेवढ्यावरून हा कागद कोणा लेकीच्या माहेरच्या हक्काचा असला पाहिजे अशी कथा मनात रचून दोन दिवस पुढच्या अक्षरांशी झटत बसलो. रविवारी काही लोक एकत्र बसून मोडी वाचतात, तिथे तो नेला. माझ्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या एका मुलीने एकदा पाहिले आणि म्हणाली, ‘काका, हे माहेर नाही. माहे रमजान आहे, तारीख आहे ही.’ जुन्या कागदांत मुसलमानी महिन्यांनी कालगणना करण्याची पद्धत होती, हे मी वाचलेले होते. वाचलेले असूनही डोळ्यांना ते दिसले नव्हते. एकट्याने शिकणाऱ्याचा मोठा धोका हाच, की तो चुकीची गोष्टही सरावाने पक्की करतो.

वय वाढले की शिकण्याची क्षमता जाते, हा समज अर्धाच खरा आहे. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन भाग कल्पिले. अगदी नवा प्रश्न झटपट सोडवण्याची, एकाच वेळी अनेक गोष्टी डोक्यात धरण्याची शक्ती ही प्रवाही बुद्धी. ती तारुण्यात शिखरावर असते आणि मग हळूहळू उतरते. साठत गेलेला अनुभव, शब्दसंग्रह, ‘असे केले की तसे होते’ याची जाण ही संचित बुद्धी; ती उतारवयापर्यंत टिकते, बऱ्याचदा वाढतेही. विशीतला मुलगा नव्या मोबाइलवर जे मिनिटात करतो त्याला त्याच्या वडिलांना अर्धा तास लागतो, हे पहिल्या बुद्धीमुळे. पण पावसाचा अंदाज घेऊन रोप कधी लावायचे, हे वडील ज्या सहजतेने ठरवतात ते दुसरीमुळे. प्रौढ माणसाला शिकवायचे तर नव्या गोष्टीची गाठ त्याच्या जुन्या साठ्याशी मारून द्यावी लागते. त्याला कोरी पाटी समजून ‘क’पासून सुरुवात केली की तो वैतागतो, आणि त्याचे वैतागणे बरोबर असते.

मेंदू मोठेपणीही बदलतो याचे पुरावे आता चांगले आहेत. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायचा तर शहराच्या मध्यभागातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात आणि त्या तयारीला सर्वसाधारणपणे तीन-चार वर्षे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाने २००० साली दाखवले, की या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. तो मुळातच मोठा असेल म्हणून ते चालक झाले असतील, ही शंका रास्त होती. म्हणून पुढे परवान्याची तयारी करणाऱ्यांची आधी आणि नंतर तपासणी झाली, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ही वाढ परवाना मिळवलेल्यांतच दिसली. तयारी सोडलेल्यांत किंवा नापास झालेल्यांत ती दिसली नाही. म्हणजे बदल शिकण्यामुळे झाला होता.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘रोज कोडी सोडवा आणि विस्मरणाचा आजार टाळा’ अशा जाहिरातींना एवढा आधार नाही. ज्यांचे शिक्षण अधिक झाले आहे आणि ज्यांच्या कामात डोके चालवावे लागते, त्यांच्यात अशा आजाराची लक्षणे सरासरीने उशिरा दिसतात, आणि मेंदूकडे जणू काही शिल्लक साठा असतो असे मानले जाते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित असे बदलता येण्याजोगे चौदा धोके सांगितले, त्यांत लहानपणी कमी झालेले शिक्षण आहे, एकटेपणा आहे, तसेच कमी ऐकू येणे, रक्तदाब आणि मधुमेहही आहेत. म्हणजे आजोबांनी नवी भाषा शिकावीच, पण त्याआधी कानाचे यंत्र लावून घ्यावे.

कामधंद्यातील शिकण्याचा मुद्दा शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वेगळा समजावण्याची गरज नाही. हाताने चालवायच्या लेथवर ज्याने वीस वर्षे काढली, त्याला कटिंगच्या आवाजावरून टूलची धार गेली हे कळते आणि बाहेर पडणाऱ्या बराच्या, म्हणजे धातूच्या किसाच्या, रंगावरून वेग जास्त झाला हे दिसते. संगणकाला दिलेल्या आज्ञांवर चालणारे सीएनसी मशिन आल्यावर त्याच्यापुढे हँडलऐवजी पडदा आला. जी-शून्य-शून्य म्हणजे टूल वेगाने नुसते हलणे आणि जी-शून्य-एक म्हणजे ठरलेल्या गतीने कापत जाणे, हा संकेत शिकायला त्याला फार वेळ लागला नाही. अवघड गेले ते जागेचा विचार हाताऐवजी आकड्यांत करणे, कारण तिथे एक उणे चिन्ह विसरले तर टूल थेट चकवर आदळते. पण ज्यांनी हा उंबरठा ओलांडला त्यांच्यापाशी दोन्ही विद्या आल्या. पडद्यावर सगळे बरोबर दिसत असताना कानाला खटकते म्हणून मशिन थांबवणारा माणूस कोणत्याही वर्कशॉपला हवाच असतो.

शिकलेले जुने होण्याचे आणखी ठळक उदाहरण वकिलांचे. १ जुलै २०२४ रोजी १८६०ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८मध्ये गेले. तीस वर्षे जे आकडे जिभेवर होते ते एका रात्रीत बदलले आणि ज्येष्ठ वकिलांना कनिष्ठांबरोबर बसून तक्ते पाठ करावे लागले. एकट्या मराठी भाषेने मात्र ही दुरुस्ती मान्य केलेली नाही. लबाड माणसाला कोणी ‘तीनशेअठरा’ म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

औपचारिक शिक्षणावाचून माणूस किती दूर जाऊ शकतो याचा दाखला म्हणून कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे नाव कोल्हापुरात हमखास निघते, आणि ते योग्यच आहे. १८९० साली जन्मलेले बाबूराव मेस्त्री, म्हणजेच पुढचे बाबूराव पेंटर, चित्रकला, शिल्पकला आणि यंत्रविद्या बहुतांशी स्वतःच्या धडपडीतून शिकले. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना आणि आनंदराव पेंटर यांना चलच्चित्रांचा ध्यास लागला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी पुढे चालू ठेवून कॅमेरा स्वतः तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. या कहाणीला आपण नेहमी ‘एकट्याच्या जिद्दीची’ असे वळण देतो, तिथे मात्र मला अडखळायला होते. कारागिरी घरातलीच होती, आनंदरावांसारखा सोबती होता, कॅमेऱ्याच्या कामात दामल्यांसारखा शिष्य हाताशी होता, आणि काढलेले चित्र पडद्यावर धड दिसते की नाही हा निर्दय परीक्षक तर रोजचाच होता. पुढे ही कंपनीच एक शाळा झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर तिथेच काम करता करता शिकले, आणि १९२९ साली त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. स्वयंशिक्षित म्हणजे एकट्याने शिकलेला, असा अर्थ या माणसांच्या बाबतीत तरी लागत नाही.

अशी उदाहरणे सांगताना एक गफलत होते, की ‘शाळेत काय ठेवले आहे?’ असे म्हणायला लोक मोकळे होतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने अनेक देशांत प्रौढांच्या कौशल्यांची जी पाहणी केली तीत आढळले, की मोठेपणी पुन्हा शिकायला जाणाऱ्यांत आधीच जास्त शिकलेल्यांचे प्रमाण अधिक असते. ज्याला लहानपणी वाचन मिळाले त्याच्यापुढे पुढची दारे उघडत जातात. ज्याला नाही मिळाले त्याला ती दारे आहेत हेही कळत नाही. शाहू महाराजांनी १९०१पासून वसतिगृहे काढली आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यामागचा विचार या अंगाने पाहिला तर अधिक उठून दिसतो. पाया सर्वांना सक्तीने द्यायचा, कारण त्यावरची इमारत ज्याची त्याने बांधायची असते. आणि ज्यांचा पाया राहून गेला, त्यांच्यासाठी दार पुन्हा उघडावे लागते. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. गुलाबी नऊवारीचे कौतुक झाले. साठीनंतर स्वतःचे नाव स्वतः लिहिणे म्हणजे बँकेत अंगठा न लावणे, हा त्यातला अर्थ त्या छायाचित्रांत दिसतोच असे नाही.

सरकारी व्यवस्था याबाबत काय करते ते थोडक्यात सांगता येईल. राज्यात नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे विभागीय केंद्र कोल्हापुरातही आहे. नोकरी-घर सांभाळून पदवी घ्यायची तर हा रुळलेला मार्ग आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ आणि आजीवन शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यानुसार २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी स्वयंसेवकांमार्फत चालतो. त्यात अक्षर-अंकओळखीबरोबर आर्थिक आणि डिजिटल व्यवहारांचाही समावेश आहे. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत अनुभवाने आलेले कौशल्य तपासून त्याचे प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. कामावर शिकलेल्या वेल्डरला किंवा गवंड्याला ती उपयोगाची आहे. मात्र प्रमाणपत्र ही शिकण्याची पावती आहे, हे विसरून फक्त पावत्या गोळा करणारेही आता पुष्कळ झाले आहेत.

मोबाइलबद्दल माझे मत थोडे कडू आहे. एखादी गोष्ट कशी करावी हे दाखवणारे व्हिडिओ आज मराठीतही हजारोंनी आहेत आणि त्यांनी अनेकांचे अडलेले काम केले आहे. परंतु व्हिडिओ क्रम लावून देत नाही, कारण पुढचा व्हिडिओ आपल्या शिकण्याच्या गरजेपेक्षा आपण पडद्यासमोर टिकून राहावे या हिशेबाने येतो. तो आपली चूकही पाहू शकत नाही. पाहून झाल्यावर ‘समजले’ असे वाटते ते बहुतेक वेळा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यासारखे असते. त्याच मोबाइलवरच्या फसवणुकी बघितल्या तर शाळेबाहेरच्या शिक्षणाची निकड कळते. यूपीआयवर पैसे पाठवताना पिन लागतो, पैसे येताना लागत नाही; आणि ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. ही दोन वाक्ये कोणत्याही शाळेने आजच्या साठीतल्या माणसाला शिकवलेली नाहीत, कारण तो शाळेत होता तेव्हा हे जगच नव्हते. चांगले शिकलेसवरलेले निवृत्त लोक यात आयुष्याची कमाई घालवतात, तेव्हा त्यांच्या पदव्यांत कमतरता नसते. पदवीनंतर कोणाला काही विचारण्याची सवय मोडलेली असते आणि विचारायची लाजही वाटत असते.

ती लाज जिथे गळून पडते अशा जागा शोधाव्या लागतात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झाले, म्हणजे इथले राजाराम महाविद्यालय निघण्याच्या आधी या गावात वाचनालय होते; ज्याची कोणी परीक्षा घेणार नव्हते अशा माणसासाठी ती सोय होती. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी सार्वजनिक वाचनालयांना अनुदान मिळू लागले. त्यांतली काही आज वर्तमानपत्रांपुरती उरली आहेत, तरी खोली, टेबल आणि वीज तिथे आहे. महिलांच्या बचत गटांची बैठक ही मला त्याहून जिवंत जागा वाटते. ठरलेल्या दिवशी सगळ्या जमतात, हप्ता आणि व्याज सर्वांसमोर मांडले जाते, आकडा चुकला तर कोणीतरी टोकते, आणि जिला सुरुवातीला सही येत नव्हती ती काही वर्षांत कर्जाचे व्याज तोंडी सांगते. क्रम, चूक दाखवणारे आणि सोबत, तिन्ही तिथे आहेत. शिवाय आकडा स्वतःच्या पैशाचा असल्यामुळे लक्ष उडत नाही. वेळ मात्र कोणाकडेच फुकटचा नसतो. दोन पाळ्यांत काम करणाऱ्याला किंवा पहाटे धारेपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत राबणाऱ्या बाईला ‘रोज तासभर वाचा’ असे सांगणे सोपे आहे. तो तास घरातल्या इतरांनी कामे वाटून घेतल्यावरच मिळतो.

गेल्या हंगामात एका ओळखीच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. गुळव्याचा मुलगा डिप्लोमा झालेला आहे. त्याने लांब दांड्याचा तापमापक आणला होता. पहिल्या काहिलीला ११८ आले तसे तो म्हणाला, उतरवूया. वडील नाही म्हणाले. ऊस नदीकाठच्या, पुराचे पाणी उभे राहिलेल्या शेतातला होता. अशा रसात घट्ट न होणारी साखर वाढलेली असते आणि त्याचा गूळ धरायला कुरकुरतो. वडिलांनी हे या शब्दांत सांगितले नाही, ‘गोळी अजून रडतीया’ एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला तेव्हा मुलाने तापमापक पाहून वहीत लिहून घेतले. वहीत चार रकाने आहेत. तारीख, ऊस लागणीचा की खोडव्याचा आणि कोणत्या शेतातला, तापमान, आणि चौथ्या रकान्यावर पेनाने लिहिले आहे, ‘बाबांचा हात’. हंगाम संपेपर्यंत बरीच पाने भरली. वडिलांना ती वही वाचता येत नाही. पण शेवटची काहील वाफ्यात ओतून झाली आणि हातपाय धुतले, की ते मुलाला विचारतात, ‘आज कितीवर उतरली रं?’